निंबतेल फवारल्यावर कुंडीतल्या झाडांची पानं का करपतात?

तुम्ही विचारलंय की, ओसरीतल्या जास्वंदीवर पांढरी कापसासारखी कीड दिसली, म्हणून लिटरभर बोअरच्या पाण्यात दोन चमचे घाण्यावरचं निंबतेल घालून सकाळी दहाला फवारलं. तीन दिवसांत शेजारच्या मनीप्लांटची पानं करपली, जास्वंदीवरची कीड मात्र तशीच. आता काय करायचं?

तेल पाण्यात मिसळलंच नव्हतं. ते वर तरंगतं आणि बाटलीची नळी तळातून ओढते. म्हणून आधी नुसतं पाणी पडतं, बाटली संपत आली की निव्वळ तेल. जास्वंदीला पाणी मिळालं, शेवटी आलेल्या मनीप्लांटला तेल. त्यात दहाचं ऊन. तेलाच्या थराने पानांची छिद्रं बुजली की पान तापतं आणि करपतं.

मिसळायला साबण लागतो, आणि तो बोअरच्या पाण्यात फाटतो. पूर्णा नदीकाठच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात असाल तर विचारायलाच नको. पावसाचं साठवलेलं किंवा आरओच्या कॅनचं पाणी घ्या. पेलाभर कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण १ ते २ मिली घालून ढवळा, मग तेल ३ मिली थेंबथेंब सोडत जोरात हलवा. दुधासारखं पांढरं झालं की बाकीचं पाणी घालून १ लिटर करा. दहा मिनिटं तसंच ठेवा. वर तवंग आला तर ते झाडावर जाऊ देऊ नका, पुन्हा करा. चमच्याने मोजू नका, चहाचा आणि पोह्याचा चमचा यात दुपटीहून जास्त फरक पडतो. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा. कपड्याची पावडर अजिबात नको, तिच्यातल्या सोड्याने पानंही भाजतात आणि तेलातलं अझाडिरॅक्टिन हे कामाचं द्रव्यही नासतं. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात धरा, चुलीवर नाही.

कृषी सेवा केंद्रातलं निंबयुक्त औषध आणलं असेल तर त्यात मिसळण्याचा घटक आधीच असतो, साबण घालू नका. लेबलवरचा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिन किती भाग, तो मात्र वाचा. १,५०० पीपीएमचं लिटरला ३ मिली, १०,००० पीपीएमचं १ मिली. लेबलवर याहून कमी दिलं असेल तर तेच घ्या.

आता कीड. तुमच्या वर्णनावरून हा पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, फवारा वरून ओघळून जातो. आधी ओल्या कापसाने किंवा जुन्या टूथब्रशने पेरं आणि देठाच्या बेचक्या पुसून काढा, मगच फवारा. निंबतेल लगेच मारत नाही. पिल्लांची कात टाकणं अडवतं, खाणं कमी करतं, आणि अंडी बरीचशी वाचतात. म्हणून ७ दिवसांच्या अंतराने ३ फवारण्या लागतात. एका फवारणीत निकाल दिसला नाही म्हणून प्रमाण वाढवणं, हीच चूक सगळ्यात जास्त होते.

फवारणी सूर्य कलल्यावर, आदल्या दिवशी पाणी दिलेल्या झाडावर. सुकलेलं झाड लवकर भाजतं. पानांवरची धूळ पुसून घ्या, पानाच्या खालच्या बाजूला मारा, पुढचे दोन दिवस कुंडी सावलीत ठेवा. नव्या झाडावर आधी दोनच पानांवर मारून ४८ तास थांबा. फर्न, कोवळी रोपं आणि कोरफडीसारखी मेणचट पानांची झाडं यांना तेल नकोच. नैवेद्याला तोडायच्या तुळशीलाही नको. मिश्रण त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही.

मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत तेल बंद ठेवा. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळही ३५ अंशांच्या वर असते. त्या दिवसांत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड येते, पण तिला कोरडी हवाच मानवते. दर तीन दिवसांनी पानांची खालची बाजू साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली तरी ती बरीच आटोक्यात राहते.

तेलाची भीती बसली असेल तर निंबोळी अर्क करा. जून-जुलैत पडलेल्या पिकल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवा. त्यांची ५० ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून दुहेरी फडक्यातून गाळा, २ मिली साबण घाला. हा ५ टक्के अर्क, कपाशीवर मारतात तोच. तेलापेक्षा पानांना सौम्य आहे.

शेतातला फवारणी पंप मात्र घरच्या झाडांना वापरू नका, कितीही धुतला तरी. तणनाशकाचा अंश राहिला तर मनीप्लांट वेडावाकडा वाढून जातो, आणि दोष पुन्हा निंबतेलावर येतो. तेलाची बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पोटात गेलं तर उलट्या आणि झटके येऊ शकतात, अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती काढून टाका. उरलेली पानं आज साध्या पाण्याने धुवा आणि नवा कोंब येईपर्यंत मनीप्लांटला खत देऊ नका.