नव्या बोटीच्या तळाला फोड आले, तर आधी बोट कारखान्यात पाठवू नका

प्रश्न: हतनूरच्या जलाशयात मी आणि धाकटा भाऊ मासेमारी करतो. गेल्या दिवाळीत फायबरची नवी बोट घेतली. बिल 2 लाख 60 हजारांचं. काही रक्कम मत्स्य संपदा योजनेचं अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. चैत्रात बोट काठावर उलटी केली तेव्हा तळाला हरभऱ्याएवढे फोड दिसले. इंजिन अडकवतो त्या मागच्या फळीलाही तडा गेलाय, पाणी झिरपतं. दुकानदार म्हणतो, दगडावरून ओढली म्हणून वॉरंटी गेली. कंपनी म्हणते, बोट पाठवा, लेप मारून देतो. बिलावर 'वाद फक्त कारखान्याच्या गावच्या न्यायालयात' असं छापलंय. काय करावं?

उत्तर: कंपनीचं बोलणं गोड वाटलं तरी बोट आत्ताच पाठवू नका. तळ घासून नवा लेप चढला की फोड गेले आणि तुमचा पुरावाही गेला. दोष बनावटीचा आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. घासलेल्या तळावरून ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

आता तो पुरावा कसा गोळा करायचा ते सांगतो. काचेच्या मॅटमध्ये (काचतंतूंच्या चटईत) रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट द्रव, नीट मुरलं नाही, रोलर न फिरल्याने हवा अडकली किंवा जेलकोट, म्हणजे सर्वांत वरचा गुळगुळीत थर, पातळ पडला, तर पाणी हळूहळू आत शिरतं, आतली रसायनं विरघळतात आणि दाबाने फोड वर येतो. असे फोड गोल असतात आणि पाण्याखाली राहणाऱ्या साऱ्या भागात पसरतात. ओढल्याच्या खुणा वेगळ्या: लांब, एकाच दिशेने गेलेल्या, मधल्या कण्यावर आणि कडांवर. म्हणजे जमिनीला कधी टेकतच नाही अशा बाजूच्या भागावर फोड असतील, तर 'दगडावर ओढली' या म्हणण्यात काही उरत नाही. तिथले फोटो आवर्जून काढा. प्रत्येक फोडाभोवती मार्करने गोल करून आकडा टाका, शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो जवळून, एक पूर्ण तळाचा. नाण्याने तळ ठोकत जा. जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे थर सुटलेला असतो. त्याचा आवाजासह व्हिडिओ करा. फोड मात्र फोडू नका, आतलं पाणी तपासणाऱ्याला हवं असतं.

मागच्या फळीत बहुधा प्लायवुड असतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं नीट बंद केली नसली तर प्लाय पाणी पिऊन फुगतो आणि वरचं फायबर तडकतं. इथे कंपनी 'इंजिन जास्त ताकदीचं बसवलं' असं म्हणणार हे धरून चाला. बोटीवर पाटी असेल तर तिच्यावर किती अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन चालतं ते लिहिलेलं असतं. तिचा आणि इंजिनाच्या बिलाचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. भोकं कुणी पाडली, दुकानदाराच्या माणसाने की तुम्ही, हेही लिहून काढा. ती तुम्ही पाडली असतील तर फळीचा मुद्दा कमजोर होतो, तळाचा होत नाही.

कोटेशनमध्ये बोटीचं वजन लिहिलंय का, बघा. लिहिलं असेल तर ट्रॉली आधी रिकामी, मग बोटीसह वजनकाट्यावर नेऊन दोन्ही पावत्या घ्या. वजन बरंच कमी भरलं, तर थर कमी दिल्याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा. बोट मात्र आधी पूर्ण वाळू द्या, मुरलेल्या पाण्याचंही वजन भरतं.

हे झालं की दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पोच जपून ठेवा. 15 दिवसांची मुदत द्या आणि 'बोट हतनूरला येऊन पाहावी' असं स्पष्ट लिहा. नोटिशीत 'व्यवसायासाठी' हा शब्द नको. 'स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी' असंच लिहा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला देतो. हाताखाली एक-दोन मदतनीस असले तरी बिघडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स प्रकरणात सांगितलंय. अनुदान मिळालं म्हणून तुमचं ग्राहकपण जात नाही; बिल तुमच्या नावावर आहे. फक्त सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला नोटिशीची प्रत द्या आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय बोट परत करू नका.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. कलम 34 नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे जळगावला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. ती बोट ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजा. 'पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो' या फोनांनी मुदत थांबत नाही.

तक्रारीसोबतच कलम 38 खाली तपासणीचा अर्ज जोडा. आयोग नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो, तिने साधारणपणे 45 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. आयोगाने सांगितलं तर खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, तो मागणीत धरा. कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था किंवा छत्रपती संभाजीनगरचं सिपेट (प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था), अशी नावं अर्जात सुचवता येतील. भट्टीत तुकडा जाळला की रेझिन जळून जातं आणि काच उरते. हाताने घातलेल्या मॅटमध्ये काच वजनाने साधारण 30 टक्के असायला हवी. हा आकडा अहवालात मागून घ्या.

मागणी मांडताना अनेकांचं चुकतं. नुसतं 'नवी बोट द्या' म्हटलं, तर 2006 च्या मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा निकालाकडे बोट दाखवून 'भाग बदलून मिळतो, पूर्ण वस्तू नाही' असा बचाव येतो. फळीपुरता तो लागू पडेल. पण तळ म्हणजेच बोट. तो बदलायचा सुटा भाग नाही, हे ठासून लिहा. मुख्य मागणी: व्याजासह किंमत परत किंवा नवी बोट. पर्यायी मागणी: त्यांच्या खर्चाने नेऊन-आणून दुरुस्ती आणि त्या तारखेपासून नवी वॉरंटी. बुडालेल्या कमाईसाठी मच्छीमार संस्थेच्या काट्यावरच्या आधीच्या आणि नंतरच्या पावत्या लावा; तोंडी आकडा टिकत नाही.

तोवर त्या फळीवर इंजिन चढवून खोल पाण्यात जाऊ नका. दोघा भावांचा जीव आहे, आणि वापर चालू ठेवलात तर तडा त्यानेच वाढला असंही ते म्हणतील. बँकेचे हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा आहे, बोटीतला दोष त्याला कारण होत नाही.