वाचकांचे प्रश्न : मेजवानीचा पेहराव आणि यजमानीणबाईंसाठी भेट

सणासुदीचे आणि सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. मेजवानीला काय घालावे आणि जिच्या घरी जायचे तिच्यासाठी काय न्यावे, हे दोन प्रश्न बहुतेक पत्रांत जोडीनेच येतात, आणि ते मला योग्यही वाटते. कारण दोन्हींची कसोटी एकच आहे. त्या संध्याकाळी घरातले सर्वांत जास्त काम जिच्या अंगावर पडलेले असते, तिचा व्याप आपल्या येण्याने वाढतो की हलका होतो, एवढे पाहिले तरी कापडापासून फुलांपर्यंतचे बरेचसे निर्णय सोपे होतात. काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : पतीच्या वरिष्ठांच्या घरी मेजवानीचे आमंत्रण आहे. पेहरावाविषयी त्यावर ‘फेस्टिव्ह’ एवढेच लिहिले आहे. फार नटून गेले तर अवघडल्यासारखे होईल आणि साधी गेले तर त्यांचा मान राखला नाही असे वाटेल. नेमके काय घालावे?

सर्वांत सरळ उपाय म्हणजे यजमानीणबाईंना आधी दोन-तीन दिवस एक छोटा संदेश पाठवून विचारणे. असे विचारण्यात कमीपणा नाही. उलट त्यांनी ठरवलेल्या समारंभाची आपल्याला कदर आहे हे त्यातून कळते. मात्र मेजवानीच्या दिवशी दुपारनंतर विचारू नये, कारण तेव्हा त्यांना उत्तर द्यायलाही सवड नसते.

विचारणे शक्य नसेल तर संकेतांची उतरंड लक्षात ठेवावी. ‘ब्लॅक टाय’ लिहिलेले असेल तर फारसा पर्याय उरत नाही : पुरुषांनी काळा डिनर सूट, पांढरा शर्ट आणि काळा बो टाय, स्त्रियांनी पायघोळ, औपचारिक पोशाख. ‘कॉकटेल’ ही त्याखालची पायरी. ‘फेस्टिव्ह’ला मात्र असा बांधीव नियम नाही, आणि म्हणूनच गोंधळ होतो. माझा सल्ला असा की आपल्याला शोभणारा, नेहमीचा नीटनेटका पोशाख घ्यावा आणि त्यात एकच गोष्ट उत्सवाची ठेवावी : मखमलीचे जाकीट, चमकदार रेशमी वस्त्र, ठसठशीत कानातले किंवा एखादा खोल, भरदार रंग. चमकणारे कापड, मोठे दागिने आणि भडक रंग हे तिन्ही एकदम आले की बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

पोशाख निवडल्यावर तो संध्याकाळच्या दिव्यात एकदा पाहून घ्या. पिवळसर उजेडात गडद निळा रंग काळाच दिसतो, तर दुपारच्या उन्हात सौम्य वाटणारी जर रात्री झगमगू लागते. मग खुर्चीत बसून पाहा, जमिनीवरची वस्तू वाकून उचलून पाहा, हात लांब करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाचे भांडे घेतल्यासारखे करून पाहा. मेजवानीत माणूस आरशासमोर उभा नसतो. तो बसतो, वाकतो, वाढतो, कुणाचे मूल कडेवर घेतो. यांपैकी कोणत्याही हालचालीत पोशाख सावरावा लागत असेल तर तो कितीही सुंदर असला तरी त्या रात्रीचा नव्हे.

टेबलावर मेणबत्त्या असण्याची शक्यता असेल तर लोंबत्या बाह्या आणि मोकळे सोडलेले पदर टाळावेत, हे मी आग्रहाने सांगते. सुती आणि रेयॉनचे पातळ कापड झटकन पेट घेते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात, त्यामुळे त्यांची भाजणूक अधिक त्रासदायक ठरते. लोकर त्या मानाने सहज पेटत नाही. अत्तर लावायचे असेल तर कपडे चढवण्यापूर्वी लावावे आणि बेताचेच लावावे, कारण रेशमावर त्याचे डाग पडतात आणि जेवणाच्या टेबलावर उग्र वास शेजारच्याचा घास बेचव करतो. मोत्यांना तर अत्तराने आणि केसांच्या फवाऱ्याने इजाच होते. मोती सर्वांत शेवटी घालावेत, घरी परतल्यावर सर्वांत आधी काढावेत आणि मऊ कापडाने पुसून ठेवावेत.

प्रश्न : माझ्या आजीचे टिकल्यांनी भरलेले एक जुने जाकीट माझ्याकडे आहे. ते १९३०च्या दशकातले असावे असे घरचे सांगतात. वर्षअखेरीच्या मेजवानीला ते घालण्याची फार इच्छा आहे. त्याआधी ते स्वच्छ कसे करावे?

आधी काहीही करू नका. धुऊ नका, वाफ देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. त्या काळात टिकल्यांसाठी जिलेटिनही वापरले जात असे. दिसायला त्या आजच्या प्लास्टिकच्या टिकल्यांइतक्याच चकचकीत दिसतात, परंतु ओलावा आणि उष्णता लागली की मऊ पडतात, आक्रसतात, विरघळतात आणि शेजारच्या धाग्याला चिकटून बसतात. एकदा असे झाले की ते काम दुरुस्त होत नाही.

खात्री करण्याची एक पद्धत आहे. जाकीट उलटे करून शिवणीच्या आतल्या बाजूला किंवा हेमपट्टीत एखादी सैल, निघालीच आहे अशी टिकली शोधा. ती वाटीभर कोमट पाण्यात टाका आणि थोडा वेळ वाट पाहा. कडा बुळबुळीत होऊ लागल्या, रंग पाण्यात उतरला किंवा टिकली वाकली, तर ती जिलेटिनची आहे असे समजावे. तशीच टणक राहिली तरी हुरळून जाऊ नये, कारण जुन्या काळच्या दुसऱ्या काही टिकल्या ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात खराब होतात. जुन्या वस्त्रांचे काम करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय ते धुलाईला देऊ नये.

घालायचेच असेल, आणि अशी वस्त्रे घातली जावीत असे मलाही मनापासून वाटते, तर आत बाह्यांचे सुती वस्त्र घाला, म्हणजे घाम थेट जाकिटाला लागणार नाही. नाच, गर्दी आणि शेकोटीजवळची जागा टाळा. अंगाची ऊब आणि घामाचा दमटपणा यांचाही या टिकल्यांवर परिणाम होतो. पाठ टेकून बसताना जाकीट काढून ठेवणे उत्तम. टिकल्यांच्या कडांनी यजमानांच्या सोफ्याचे कापडही ओरखडते, आणि ही गोष्ट नव्या टिकल्यांच्या पोशाखालाही लागू आहे. परत आल्यावर ते हँगरला टांगू नका. टिकल्या आणि मण्यांच्या वजनाने खांद्याचे जुने कापड फाटते. मऊ मलमलीत गुंडाळून आडवे ठेवा.

प्रश्न : मागच्या वर्षी घातलेलाच काळा पोशाख यंदाही त्याच घरी घातला तर चालेल का?

निःसंकोच घाला. ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या अमेरिकी आवृत्तीने १९२६ मध्ये फ्रेंच वेशभूषाकार कोको शनेल यांच्या साध्या काळ्या पोशाखाचे रेखाटन छापले आणि त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली, ती अशासाठीच की हा पोशाख सगळ्यांचा होईल. दागिना आणि पादत्राण बदलले तरी पुरे. बगलेतील अस्तर आणि खालची हेमपट्टी मात्र नीट तपासून घ्या. काळ्या कापडावर विटका, तपकिरी डाग घरच्या उजेडात दिसत नाही आणि बाहेर दिसतो.

प्रश्न : यजमानीणबाईंसाठी फुले नेणे सर्वांत सुरक्षित असे आम्ही समजत होतो. आता मैत्रीण म्हणते की फुले नेणे हाच त्रास आहे. खरे काय?

फुले त्रासाची नसतात. त्यांची वेळ आणि रूप त्रासाचे असू शकते. दारात चार पाहुणे एकदम उभे आहेत, आत काहीतरी उतू जाण्याच्या बेतात आहे, आणि अशा वेळी आपण सेलोफेनमध्ये गुंडाळलेला भलामोठा गुच्छ यजमानीणबाईंच्या हातात ठेवतो. आता त्यांनी फुलदाणी शोधायची, देठ कापायचे, पाणी भरायचे आणि ती ठेवायला जागा करायची. प्रेमाने दिलेली वस्तू त्या क्षणी त्यांच्यासाठी आणखी एक काम होते.

यावर तीन तोडगे आहेत. फुले त्याच दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी पाठवावीत, म्हणजे त्यांना सजावटीत वापरता येतात. किंवा पाणी भरलेल्या साध्या काचेच्या बरणीत लावूनच न्यावीत आणि बरणी परत मागू नये. किंवा कुंडीतले रोप न्यावे. फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची फुले नीट काळजी घेतल्यास दोन-तीन महिने टिकतात आणि त्याला रोज पाणीही लागत नाही, म्हणून माझी पहिली पसंती त्यालाच आहे.

लिलीबाबत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ज्या घरात मांजर आहे तिथे लिली कधीही नेऊ नका. खऱ्या लिली आणि डे-लिली मांजरांना अत्यंत विषारी असतात. पाने किंवा पाकळ्या चावल्या, अंगावर पडलेले पराग चाटले, इतकेच काय, फुलदाणीतले पाणी प्यायले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजर नसलेल्या घरी न्यायच्या असतील तर उमललेल्या फुलांतले परागकोश चिमटीने आधीच काढून टाका, कारण त्यांचे नारिंगी डाग टेबलावरच्या कापडातून निघणे कठीण. आणि दिलेला गुच्छ फळांच्या टोपलीशेजारी ठेवला जाणार असेल तर तेवढे सुचवायला हरकत नाही. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशनसारखी फुले लवकर मान टाकतात.

प्रश्न : जिच्याकडे सर्व काही आहे अशा यजमानीणबाईंना काय द्यावे? सुगंधी मेणबत्ती, चॉकलेट आणि वाइन यांपलीकडे आमची मजल जात नाही.

मजल पुढे गेलीच पाहिजे असे नाही. वस्तू नेहमीची असली तरी विचार करून निवडलेली असावी, एवढेच. सुगंध ही अगदी वैयक्तिक आवड आहे, त्यामुळे आवड ठाऊक नसेल तर बिनवासाची, चांगल्या मेणाची मेणबत्ती द्यावी. सोबत दोन ओळींची चिठ्ठी ठेवता येईल : पहिल्यांदा लावल्यावर वरचे मेण कडेपर्यंत वितळू द्यावे, नाहीतर मध्ये खड्डा पडतो, आणि प्रत्येक वेळी वात सुमारे पाच मिलिमीटर ठेवून कापावी, म्हणजे काजळी धरत नाही. अशा चिठ्ठीमुळे ती वस्तू आपण स्वतः वापरून, आवडून दिली आहे हे कळते.

चॉकलेट देताना ते फ्रिजमधून काढून थेट नेऊ नये. गारव्यातून उबेत आले की त्यावर दव धरते आणि साखर वर येऊन पांढरट थर दिसू लागतो. १५ ते १८ अंश सेल्सिअसची कोरडी जागा त्याला मानवते. खाण्याची कोणतीही वस्तू स्वतः बनवलेली असेल तर त्यात काय आहे ते लिहिलेच पाहिजे, विशेषतः सुकामेवा, दूध, अंडी आणि गहू. वाइन त्या घरी चालते याची खात्री असेल तरच न्यावी.

या सगळ्यांत एक पथ्य पाळावे : नेलेली वस्तू त्याच रात्री टेबलावर येईल अशी अपेक्षा धरू नये आणि तसे सुचवूही नये. यजमानीणबाईंनी जेवणाचा बेत आधीच ठरवलेला असतो. ‘ही तुमच्यासाठी आहे, उद्या निवांतपणे उघडा’ असे देतानाच म्हटले की त्यांच्यावरचे दडपण जाते. याच कारणाने मला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडणाऱ्या भेटी विशेष आवडतात : सकाळच्या न्याहारीची छोटी टोपली, चांगली कॉफी किंवा चहा, हातांना लावायचे सौम्य क्रीम, पाणी टिपून घेणारे जाडसर सुती पुसणे. रात्रभर पाहुण्यांचे केल्यावर सकाळी स्वतःसाठी काहीतरी तयार मिळावे, यात फार सुख असते.

प्रश्न : आमंत्रणावर ‘कृपया भेटवस्तू आणू नयेत’ असे लिहिले आहे. तरी काहीतरी न्यावेच ना?

नाही. त्यांनी लिहिले आहे ते खरे मानावे. इतर रिकाम्या हाताने आलेले असताना आपण भेट काढली तर ते संकोचतात. दुसऱ्या दिवशी हाताने लिहिलेले आभाराचे पत्र पाठवा आणि त्यात एखादी नेमकी गोष्ट लिहा : कोणता पदार्थ आवडला, कुणाशी झालेली ओळख मोलाची वाटली.

प्रश्न : यंदा मेजवानी माझ्याच घरी आहे. मी काय घालावे, आणि आलेल्या भेटी सर्वांसमोर उघडाव्यात का?

आपल्या पेहरावाचा विचार पाहुण्यांपेक्षा वेगळा करावा लागेल. शेगडीजवळ वावरायचे असल्याने बाह्या कोपरापर्यंत किंवा घट्ट मनगटाच्या असाव्यात, टाचा बेताच्या असाव्यात आणि कापड डाग झटकन न दाखवणारे, म्हणजे बारीक नक्षीचे किंवा गडद रंगाचे असावे. रेशमावर पाण्याचा थेंब पडला तरी वलय उमटते, म्हणून ते या दिवशी नको. मखमल चालेल, पण मऊ आसनावर फार वेळ बसल्यास तिची लव दबते. ती उठवायची तर उलट्या बाजूने वाफ द्यावी, वरून इस्त्री कधीही फिरवू नये. पहिला पाहुणा येण्याच्या अर्धा तास आधी तयार होऊन बसता येईल असे वेळेचे गणित मांडा आणि तोवर अंगावर ॲप्रन राहू द्या.

भेटी सर्वांसमोर उघडू नयेत, हे बरे. कुणी मोठे आणले असेल, कुणी लहान, कुणी काहीच नाही. दाराजवळ एक छोटे टेबल मोकळे ठेवा, आलेली वस्तू तिथे ठेवून देणाऱ्याचे आभार माना आणि त्यांना आत घेऊन जा. पाहुणे फार थोडे आणि अगदी जवळचे असतील, किंवा देणाऱ्यानेच आग्रह धरला, तर गोष्ट वेगळी. नाव लिहिलेली चिठ्ठी भेटीला नसेल तर तिथेच पेन्सिलीने नाव लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आभार मानताना कुणी काय दिले ते आठवत बसावे लागणार नाही.