बांधाला लावलेल्या करडईचा तेलाशिवाय काय उपयोग?

तुम्ही विचारलंय, शाळवाच्या कडेनं करडईच्या चार ओळी लावल्यात, घाण्यावर न्यावं एवढं बी काही निघायचं नाही, मग ती ठेवायची कशाला?

ठेवा. आमचं रान सांगलीच्या जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला आहे, आमच्यात कडेची करडई तेलासाठी कुणी लावतच नाही. ढोरं पिकात शिरू नयेत म्हणून ती काटेरी राखण. पण काटे यायच्या आधी महिनाभर ती भाजी असते, आणि तुमची वेळ तीच दिसतेय. विरळणी करताना उपटलेली रोपं फेकू नका. वीतभर झालेल्या रोपांची पानं चिरून, जरा वाफवून पिळून घ्यायची. लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरनं मूठभर शेंगदाण्याचं कूट. किंचित कडसर लागते, पण गरम भाकरीबरोबर तो कडसरपणाच गोड वाटतो. पानाची कड बोटाला टोचायला लागली की भाजी संपली म्हणायची.

फुलं कोमेजायला लागल्यावर पाकळ्या खुडल्या तरी बी भरायचं थांबत नाही. सावलीत वाळवा. भाताला, शिऱ्याला पिवळा रंग छान येतो, वास मात्र केशराचा नाही. बाजारात ह्याच पाकळ्या केशर म्हणून गळ्यात मारतात, तेवढं जपा. पूर्वी ह्यांच्यातनंच कुसुंबी रंग काढायचे. पिवळा रंग पाण्यात धुऊन टाकायचा आणि मागं राहिलेला तांबडा पापडखाराच्या पाण्यात उतरवायचा.

आता बियांचं. आमच्या निम्म्या घरात कन्नड चालतं, करडईला 'कुसुबी' म्हणतात. वाटी-दीड वाटी बी रात्री भिजत घालून सकाळी वाटायचं, फडक्यातनं पिळून दूध काढायचं. शिजलेल्या खपली गव्हात ते दूध आणि गूळ घालून मंद आचेवर ढवळत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर करायची. मिक्सरला टरफलं नीट दळत नाहीत, पाट्यावर जास्त दूध निघतं. हात दुखतात, ते आलंच!

तेलाचं म्हणाल तर बियात ते 30 टक्क्यांच्या आसपास असतं, घाण्यावर त्याहून कमी हाती लागतं. हवेला उघडं राहिलं की हे तेल चिकटतं, म्हणून एकदा तळलेलं पुन्हा वापरू नका. आजोबा ह्याचं जाळून काळं केलेलं तेल विहिरीचं पाणी उपसायच्या मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला चोळायचे, पाण्यात कुजत नाही म्हणून.

पुढच्या वर्षी काटे नकोत असं वाटलं तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढलेत, पाकळ्या खुडायला ते सोयीचे. पण मग ढोरं कोण अडवणार?

काढणी मात्र पहाटे दवातच करा, हाताला फडकं गुंडाळून. उन्हं चढली की काटे असे कडक होतात की आमच्याकडच्या बाया बांधावरनंच माघारी फिरतात.