आवडलेल्या फोटोची कॅमेरा सेटिंग्ज (एक्झिफ) कशी बघायची? तीच सेटिंग्ज लावली तर तसाच फोटो येईल का?

बघायला काही अक्कल लागत नाही. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. मॅकवर प्रीव्ह्यूमधला इन्स्पेक्टर. फोनवर गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवायचा, आयफोनवर वर्तुळातल्या इंग्रजी 'i' चं बटण. शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं, एफचा आकडा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), फोकल लेंथ (लेन्स किती जवळ ओढते), फ्लॅश उडाला की नाही, सगळं दिसतं. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आहे ना, त्यावरून माझं एका माणसाशी चांगलंच वाजलेलं आहे आणि अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आमच्याकडे हौशी लोकांचा फोटोग्राफी ग्रुप आहे. त्यात एक सिनियर, सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणायचो. त्यांचा भंडारदऱ्याच्या काजव्यांचा एक फोटो आहे. हिरड्याचं झाड, खोडापासून शेंड्यापर्यंत हिरवट पिवळे ठिपकेच ठिपके आणि मागे आभाळात अजून निळा उजेड. फोटो एक नंबर, त्याबद्दल वाद नाही. प्रदर्शनात खाली पाटी होती : सिंगल एक्सपोजर (म्हणजे एकदाच बटण दाबून काढलेला), ३० सेकंद, एफ २.८, आयएसओ १६००. कोणी काही विचारलं की सरांचं ठरलेलं, "सेटिंग्ज समोर लिहिलीयत, बाकी पेशन्स लागतो बाळा."

माझ्या भाच्याने ती पाटी मोबाइलमध्ये टिपून घेतली. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी मित्रांबरोबर गेला, ट्रायपॉड, रिमोट, एफ २.८ ची लेन्स भाड्याने आणलेली, सेटिंग्ज आकडा न् आकडा तीच. फोटो काय आला, तर काळं झाड, त्याहून काळं आभाळ आणि फांद्यांत इकडेतिकडे पाचपन्नास ठिपके. रात्रभर तेच. परत आला तो कॅमेरा खराब आहे म्हणत, मग फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा, पाहिजे म्हणून बापाच्या मागे लागला, आणि बहिणीचा मला फोन, "दादा, तू तरी समजाव त्याला, दीड लाखाचा कॅमेरा मागतोय."

आता ज्याने काजवे काढलेत त्याला हे लगेच कळेल. काजवा चमकतो क्षणभर. ३० सेकंदांत जेवढे लेन्ससमोर चमकले तेवढेच ठिपके मिळणार. झाड भरलेलं दिसतं ते स्टॅकिंगमुळे, म्हणजे ट्रायपॉड न हलवता एकामागून एक ३०-३० सेकंदांचे फ्रेम घ्यायचे आणि फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून लाइटन मोडमध्ये मिसळायचे, म्हणजे प्रत्येक जागी जो सगळ्यात उजळ तो राहतो. असे ६० फ्रेम घेतले तर तो अर्ध्या तासाचा उजेड झाला. आणि निळं आभाळ तर संधिप्रकाशात, काजवे सुरू व्हायच्या आधी वेगळं काढून ठेवलेलं असतं. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, पण पाटीवर सिंगल लिहिलंय, सर कशाला खोटं लिहितील?"

मग योगायोग असा की ग्रुपचं कॅलेंडर निघायचं होतं आणि छपाईच्या फाइली गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी मोठी जेपेग मेल केली. मी एक्झिफटूलमध्ये टाकली. (फिल हार्वी नावाच्या माणसाने २००३ पासून सांभाळलेला फुकट प्रोग्राम आहे, दिसायला काळी खिडकी आणि नुसता मजकूर, पण विंडोजच्या डिटेल्समध्ये दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त दाखवतो. हौस असेल तर हाच घ्या, बाकीची अ‍ॅप्स नकोत.) वर एक्झिफच्या भागात ३० सेकंद, एफ २.८, आयएसओ १६००, पाटीवर होतं तसंच. कारण स्टॅक केलेल्या फाइलला एक्झिफ राहतं ते ज्या फ्रेमवर बाकीचे आणून ठेवले त्या एकाच फ्रेमचं. बाकीच्यांचे आकडे तिथे येतच नाहीत. पण खाली एक्सएमपीचा भाग असतो, म्हणजे फाइलीतच ठेवलेली वेगळी नोंद, ती फोटोशॉप लिहितं, आणि त्यात डॉक्युमेंट अँसेस्टर्स नावाची यादी असते, दुसऱ्या फाइलींमधून काही आणून चिकटवलं की त्या फाइलींचे आयडी तिथे जमा होतात. ती यादी माझ्या स्क्रीनवर वरून खाली सरकायला लागली ती सरकतच राहिली.

मी ग्रुपवर साधं विचारलं, "सर, हा स्टॅक आहे ना?" उत्तर आलं, "एक्झिफ बघ, ३० सेकंदच आहे." मी यादीचा स्क्रीनशॉट टाकला. थोडा वेळ सामसूम आणि मग, "तू कलाकार आहेस की तलाठी? कलेचा सातबारा काढत नसतात." त्यावर लोकांनी हसायच्या इमोजी टाकल्या आणि विषय संपला, पाटी तशीच.

तर माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. स्टॅकिंग ही चोरी नाही, मी स्वतः करतो, भाच्यालाही शिकवलं आणि आता त्याच जुन्या कॅमेऱ्यावर त्याची झाडं छान भरतात. पण पाटीवर आकडे लिहायचे तर पूर्ण लिहा, किती फ्रेम, कशात जोडले. नाहीतर लिहूच नका. अर्धे आकडे वाचून पोरं कॅमेरे बदलतात. "सेटिंग्ज विचारू नका, नजर कमवा" म्हणणारे बहुतेक वेळा सेटिंग्ज लपवणारेच असतात.

म्हणून तुम्ही एक्झिफ बघा जरूर, पण त्यातून कळतं ते बटण दाबलं त्या वेळचं. पुढे कॉम्प्युटरवर काय झालं ते त्यात नाही. लँडस्केप, पक्षी, खेळ यांत शटर आणि फोकल लेंथ बघून खरंच शिकायला मिळतं. रात्रीचे फोटो, आकाशगंगा, काजवे, विजा असतील तर आकड्यांवर जाऊ नका, काढणाऱ्याला सरळ विचारा, सिंगल की स्टॅक.

बाकी काही गोष्टी राहिल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलीत एक्झिफ उरत नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा. वेबसाइटवरच्या फोटोंचंही बऱ्याचदा तेच. मॅन्युअल लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर शून्य किंवा रिकामं दिसतं. एक्झिफटूलने एक्झिफ बदलताही येतं, तेव्हा कोणाशी भांडायचं तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची मूळ फाइल, मागा. अँसेस्टर्सची यादी नाही म्हणजे फोटो सिंगलच, असंही नाही, एक्सपोर्ट करताना ती उडवता येते. आणि हो, झाड अगदी लगडलेलं असेल तर सिंगलमध्येही बरे काजवे येतात, सरांचं तेवढं मान्य. पण निळं आभाळ नाही येत.

स्वतःचे मोबाइलचे फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, विशेषतः घरातले. २०१२ मध्ये मॅकअफी अँटिव्हायरसवाला जॉन मॅकअफी पोलिसांना चुकवत फिरत होता, त्याच्याबरोबर असलेल्या पत्रकारांनी आयफोनचा फोटो जीपीएससकट टाकला आणि तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. विंडोजमध्ये त्याच डिटेल्सच्या खाली रिमूव्ह प्रॉपर्टीज आहे, आयफोनवर शेअर करताना ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं.