घरातली मराठी बंद करू नका

तुम्ही लिहिलंय की लेक सव्वादोन वर्षांचा आहे, जेमतेम दहा-बारा शब्द बोलतो, ऑक्टोबरात म्युनिकला यायचंय, आणि घरचे म्हणताहेत की मराठी थांबवून आत्तापासून इंग्रजी सुरू करा, नाहीतर तीन भाषांत पोराचा गोंधळ उडेल. आम्ही आलो तेव्हा आमचा अडीचचा होता, शब्द वीसेक. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषांचं नंतर. निघायच्या आधी कान तपासून घ्या. हाक मारली की वळतो, गाणं लागलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं, असं आम्हीही धरून चाललो होतो. पण सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की आवाज पोचतो तो उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा, आणि बारीक आवाजाची व्यंजनं गळतात. आमच्याकडे नेमकं हेच निघालं, तेही इथे आल्यावर, डॉक्टरांची वेळ मिळवण्यात महिने घालवून. मुंबईत असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. रिपोर्ट इंग्रजीत घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

शब्द मोजताना कंजूषपणा करू नका. दुसऱ्या वाढदिवसाला साधारण ५० शब्द आणि ‘बाबा गेला’सारखी दोन शब्दांची जोडी, ही ढोबळ खूण. त्यात ‘मंमं’, ‘भुर्र’, ‘हम्मा’, ‘बाऊ’ सगळं धरायचं. मराठी, इंग्रजी, हिंदी एकत्रच मोजायचं. तुमच्या सासूबाई म्हणतात तसं बरीच मुलं पुढे आपोआप बोलू लागतात हे खरं, पण आपलं त्यातलं आहे की नाही हे आधी कळत नाही. तो बोट दाखवून काही मागत नसेल, साधं सांगितलेलं कळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ऑक्टोबरची वाट पाहू नका, तिथेच दाखवा.

आता मराठीचं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे वाचादोष होत नाही. आम्हाला मात्र इथल्या पहिल्या डॉक्टरांनी ‘घरी जर्मन बोला’ असं सांगितलं आणि आम्ही चार महिने ते इमानेइतबारे केलं. माझं जर्मन तेव्हा क्लासच्या दुसऱ्या पुस्तकातलं. ‘कोम’, ‘नाइन’, ‘हेंडं वाशन’ म्हणजे ये, नको, हात धू. घरात नुसते हुकूम उरले. चिऊकाऊची गोष्ट गेली, आंघोळीच्या वेळची बडबड गेली, कारण ती मला जर्मनमध्ये येतच नव्हती. पुढे स्पीच थेरपिस्टनं विचारलं, ‘झोपवताना कोणत्या भाषेत बोलता?’ मी म्हटलं, मराठीत. ती म्हणाली, मग दिवसभर तीच बोला, जर्मनचं आम्ही पाहतो.

इथली व्यवस्था बरी आहे, पण संथ. मुलांच्या ठरलेल्या तपासण्या असतात; तुमच्या लेकाची ‘यू ७ आ’ नावाची ३४ ते ३६व्या महिन्यात येईल. तिची नोंद पिवळ्या वहीत होते, ती सांभाळा. गरज वाटली तर डॉक्टर ‘लोगोपेडी’ची, म्हणजे स्पीच थेरपीची, चिठ्ठी देतात. सरकारी विमा असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांना त्याचे पैसे पडत नाहीत. प्रतीक्षायादी मात्र लांबलचक, म्हणून चार-पाच ठिकाणी एकदमच नाव घाला.

पाळणाघराच्या, म्हणजे किटाच्या, जागेवर वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा २०१३पासून कायदेशीर हक्क आहे. म्युनिकमध्ये प्रत्यक्ष जागा मिळवणं ही वेगळी तपश्चर्या. मिळाली की पहिले काही दिवस आईनं किंवा बाबानं कोपऱ्यात बसून राहायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. सुट्टी त्या हिशेबानं राखून ठेवा. आणि एक कागद द्या: ‘शू’ म्हणजे काय, ‘पाणी’, ‘नको’, ‘उचल’, सगळं रोमन लिपीत, जर्मन उच्चारासारखं. आमच्या किटातल्या बाई त्याला ‘पानी?’ विचारायच्या आणि तो पेला पुढे करायचा. सुरुवातीला तो तिथे गप्पच राहील, काही आठवडे, कदाचित महिने. घरी बोलत असेल तर घाबरू नका. शाळेआधी जर्मन कमी पडलं तर बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, २४० तासांचा ‘फोरकुर्स’, म्हणजे जर्मनचा तयारीचा वर्ग, असतो, त्यामुळे ती चिंता आत्ता नको.

भाषांची भेसळ होणारच, ती बिघाड नव्हे. माझा लेक चौथ्या वर्षी म्हणायचा, ‘आई, मी ड्राउसन श्पीलते.’ बाहेर खेळते. क्रियापद जर्मन, शेपूट मराठी, आणि तेही माझं! दिवसभर मराठी ऐकायचा ती एकट्या आईची, मग ‘खेळतो’ कुठून येणार? व्हिडिओ कॉलवर आजोबा म्हणाले, ‘अरे, खेळतो म्हण.’ हा गंभीरपणे उत्तरला, ‘आजोबा, तुम्ही खेळता. मी खेळते.’ म्हणून तुमच्या नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा: ऑफिसमधून कितीही उशिरा आला तरी रोज अर्धा तास लेकाशी मराठीत गप्पा मारायच्या, फोन बाजूला ठेवून.