डॉक्टरांचं ऐकत नाहीत, मग हिचं कोण ऐकणार?

पत्र : मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे. मुलगी होम सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अन्न व पोषण. मार्क चांगले पडतात. पुढे एम.एस्सी. करील असं वाटत होतं, पण आता ती ‘हेल्थ कोच’ व्हायचं म्हणते. सिडकोत आमच्या नात्यातल्या एक बाई ‘वेलनेस सेंटर’ चालवतात. त्यांचं म्हणणं, शिक्षणात वर्षं घालवू नकोस, पंचवीस हजारांचा माल उचल आणि दसऱ्यापासून माझ्याकडे कोच म्हणून बस. मुलीला ते पटत नाही. तिला नीट शिकून हे काम करायचंय. मला दोन्हीतलं काही कळत नाही. मला स्वतःला सहा वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टर दर वेळी सांगतात, चाला, वजन उतरवा. मी ‘हो’ म्हणतो आणि घरी येतो. माझ्यासारखे लोक डॉक्टरांचंच ऐकत नाहीत, तर बावीस वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार? आणि त्याचे पैसे कोण देणार? कृपया नाव छापू नये.

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण ते कळलं की तुमची मुलगी नेमकं काय करू बघतेय तेही कळेल.

सहा वर्षं शुगर असलेल्या माणसाला चालणं चांगलं असतं हे नव्याने सांगावं लागत नाही. तुम्हाला ते पाठ आहे. कळतं पण वळत नाही, एवढाच प्रश्न आहे. डॉक्टरांनी सांगितलेलंच पुन्हा, जरा गोड आवाजात सांगणं हे हेल्थ कोचचं काम असतं, तर तुमची शंका शंभर टक्के खरी ठरली असती. पण चांगला कोच सांगत फार थोडं. तो विचारतो, ऐकतो, आणि माणसाच्या स्वतःच्या तोंडून त्याचं कारण आणि त्याचा बेत बाहेर येईल असं बघतो.

म्हणजे कसं, ते तुमच्यावरच करून बघू. समजा, समोर बसलेल्या कोच बाईने तुम्हाला ‘चालता का?’ असं न विचारता ‘तुमचा दिवस कसा जातो?’ असं विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट.’

‘शिफ्ट बदलली की काय काय बदलतं?’

‘सगळंच. झोप, जेवण, चहा. नाईटला कँटीनमध्ये रात्री दोन वाजता जे मिळेल ते खायचं.’

‘मग ० ते १० च्या पट्टीवर, चालायला लागणं तुम्हाला स्वतःला किती महत्त्वाचं वाटतं?’

तुम्ही प्रामाणिकपणे म्हणालात, ‘चार.’

इथे आपण कुणीही, मीसुद्धा, लगेच म्हणू, ‘चारच? अहो, उद्या पायाला काही झालं म्हणजे?’ आणि तुम्ही मान हलवून घरी जाल. ती बाई मात्र विचारते, ‘चार का? दोन का नाही म्हणालात?’ प्रश्न साधा दिसतो, पण आता तुम्हाला चालण्याच्या बाजूने बोलावं लागतं. तुम्ही म्हणाल, ‘साडूच्या डोळ्यांचं शुगरमुळे ऑपरेशन झालं, ते बघितलंय. मुलीचं व्हायचंय अजून सगळं.’ हे कारण कुणी तुमच्यावर लादलेलं नाही, म्हणून ते टिकायची शक्यता जास्त. त्यापुढे ती म्हणेल, ‘या आठवड्यात जमेल असं काय दिसतं?’ तुम्ही ठरवाल, नाईटच्या आठवड्यात चालण्याचं नाव काढायचं नाही. पण फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार कंपनीच्या बसमधून दोन थांबे आधी उतरायचं. आठ दिवसांनी तिचा फोन येईल. तीन दिवसांपैकी एकच दिवस जमला असेल, तर ती रागावणार नाही. त्या एका दिवशी काय वेगळं होतं, ते विचारेल.

हे बोलणं कुणाच्या स्वभावातला गोडवा नाही. शिकून, सराव करून आणि कुणीतरी चुका दाखवून अंगी येणारं कसब आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या व्यसनावरच्या उपचारांच्या अनुभवातून १९८३ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलं. त्याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाच्या पायऱ्या दाखवल्या : काहींच्या मनात विचारच नसतो, काही घोळवत असतात, काही तयारीत, काही करत असलेले, काही टिकवण्याच्या धडपडीत. घोळवत बसलेल्या माणसाच्या हातात डाएट चार्ट दिला तर तो फ्रिजला चिकटतो आणि तिथेच राहतो. तुमच्या घरी असा एखादा असेल, बघा.

आता, याचा खरंच उपयोग होतो का? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यातल्या एका गटाला एकेक माणूस नेमून दिला होता. तो १६ धड्यांमधून त्यांच्यासोबत काम करायचा. वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढंच लक्ष्य. या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. मला यातला तिसरा गट जास्त बोलका वाटतो. त्यांना फक्त नावापुरती गोळी होती, पण ‘नीट खा, व्यायाम करा’ हा सल्ला लेखी आणि वर्षातून एकदा समोर बसवून दिला होताच. म्हणजे माहिती सगळ्यांकडे होती. फरक पडला तो सोबतीमुळे.

हे तिकडचं झालं असं म्हणाल, तर चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने असाच अभ्यास भारतीयांवर केला. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत जीवनशैलीतल्या बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला. ५८च्या निम्मा, पण खोटा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांना दोन गटांत विभागलं आणि एका गटाला, माणूस बदलाच्या कुठल्या पायरीवर आहे ते बघून, मोबाइलवर मेसेज पाठवले. दोन वर्षांत मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. तुमच्या शॉप फ्लोअरवरची माणसंच समजा ती. (हे सगळे आकडे मधुमेह व्हायच्या आधीच्या लोकांचे आहेत. तुमची गोळी चालू आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही.)

आणि कुणी ‘एकवीस दिवसांत सवय लावतो’ असं म्हणालं, तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता.

आता नात्यातल्या बाईंचं. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, पण जिथे कोच व्हायला आधी माल उचलावा लागतो, तिथे कोचचं पोट त्या मालावर चालतं. समोरच्याला खरी गरज झोपेची असली तरी त्याला मालाचा डबाच विकावा लागेल. तुमच्या मुलीला हे पटत नाही, यातच तिला या कामाची समज आहे हे दिसतं. कमाई आपल्या हाताखाली माणसं जोडण्यावर असेल, तर २०२१च्या थेट विक्री नियमांत असल्या साखळी योजनांना बंदी आहे. सेंटरच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत ‘मधुमेह बरा करतो’, ‘लठ्ठपणा घालवतो’ असं लिहिलेलं असेल, तर आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४चा कायदा आड येतो. त्याच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत. तिथे बसलेल्या मुलीचं नाव उद्या त्या फलकाला जोडलं जाईल. पंचवीस हजारांपेक्षा ही किंमत जास्त.

मुलीलाही थोडं टोचणारं सांगायचं आहे. हे पत्र तिला वाचायला द्या.

बाळ, आपल्याकडे ‘हेल्थ कोच’ या पाटीला कायद्याचा आधार नाही. कुणीही लावू शकतं, आणि लावतातही. आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञ आहेत, डायबिटीस एज्युकेटर आहेत. वेलनेस कोच या नावाचा स्वतंत्र व्यवसाय नाही. म्हणून नुसत्या कोचिंगच्या सर्टिफिकेटवर उभी राहू नकोस. आधी आहारशास्त्र पक्कं कर आणि कोचिंग त्याच्यावर चढव. उलट्या क्रमाने गेलीस तर पाच वर्षांनी तुझ्याकडे बोलायची कला असेल, पण समोरच्याची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) वाढलेली असताना त्याला डाळी किती चालतील, हे सांगायचा अधिकार नसेल.

म्हणजे एम.एस्सी. करायचीच. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन ही या विषयातली जुनी ठिकाणं आहेत. पदव्युत्तर शिक्षण, मग रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, हा राजमार्ग. घरबसल्या करण्याचा विचार असेल तर थांब. नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ दाराशी असल्यामुळे आपल्याला दूरस्थ शिक्षण पटकन सुचतं, पण यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र, पोषण, आहारशास्त्र अशा आरोग्याशी संबंधित विषयांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना मनाई केली आहे. कुणी ‘ऑनलाइन एम.एस्सी. डायटेटिक्स’ विकत असेल, तर फी भरण्याआधी यूजीसीचं पत्रक त्याच्यासमोर ठेव.

कोचिंगचं शिक्षण त्यानंतर, किंवा इंटर्नशिप करता करता. जगात सध्या मोठा मान आहे तो अमेरिकेतल्या नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगच्या परीक्षेला. ती २०१७ पासून होते. मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि प्रत्येकी किमान २० मिनिटांची ५० कोचिंग सत्रं केल्याशिवाय तिला बसता येत नाही. फी डॉलरमध्ये असते, त्यामुळे आत्ताच ती घे असं मी म्हणणार नाही. पण भारतातला कुठलाही अभ्यासक्रम निवडताना हाच मापदंड लाव : प्रत्यक्ष माणसांसोबत किती सत्रं करून घेतात, आणि ती सत्रं ऐकून तुला चुका कोण दाखवतं? नुसते व्हिडिओ आणि शेवटी सर्टिफिकेट असेल, तर ते पैसे वाचव.

एक रेषा मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव. निदान कोच करत नाही, औषधाला हात लावत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस ‘उद्यापासून उपास धरतो’ म्हणाला, तर उत्साह वाढवायचा नाही, त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण शुगर एकदम खाली जाऊ शकते. कुणी जेवून मुद्दाम उलटी काढत असेल, कुणी जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर ते कोचिंगचं काम नाही. आपल्या हातातलं नाही हे ओळखून योग्य माणसाकडे सोपवणारी मुलगी डॉक्टरांना हवी असते. नवीन पेशंट तिच्याकडेच येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पैसे कोण देणार? खरं सांगते, नाशिकमध्ये ‘हेल्थ कोच पाहिजे’ अशा जाहिराती रोज दिसत नाहीत. ‘डाएटिशियन’ म्हणून जागा निघतात, आणि त्या खुर्चीवर बसून कोचिंग करता येतं. मधुमेहतज्ज्ञांचे दवाखाने, हृदयविकारानंतरचं पुनर्वसन, बाळंतपणाची रुग्णालयं, इथे त्याची जास्त गरज. मोबाइल ॲपवरून मधुमेह सांभाळणाऱ्या कंपन्या कोच नेमतात. काम फोनवरचं, त्यामुळे नाशिकमध्ये बसूनही करता येतं, पण मुलाखतीत एका कोचकडे किती पेशंट देतात हे विचारायचं. तो आकडा मोठा असेल, तर ते कोचिंग नव्हे, कॉल सेंटर. मला स्वतःला जास्त आशा वाटते ती सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांची. वर्षातून एकदा कामगारांची तपासणी होते, कागद फाइलला लागतो, आणि पुढे काही होत नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाचं घर जिने आतून पाहिलंय, त्या मुलीला इथे पुण्या-मुंबईच्या कोचपेक्षा जास्त कळेल. पण कुणी ही जागा तयार करून ठेवलेली नाही, ती तिला एचआरच्या दारात जाऊन मागावी लागेल, आणि पहिली दोन-तीन वर्षं मिळकत वरखाली होणार, हे धरून चाला.

तिने सरावासाठी तुम्हाला धरू नये, असं मला वाटतं. घरच्या माणसाला ‘चार का, दोन का नाही’ हे विचारताना तिसऱ्या मिनिटाला आवाज चढतो. तिच्या मैत्रिणीचे वडील बघा, आणि तिच्या मैत्रिणीला तुमच्याकडे पाठवा.

नात्यातल्या बाईंना आत्ताच, दसरा तोंडावर यायच्या आधी नाही कळवा. ‘एम.एस्सी.च्या प्रवेशाची तयारी चाललीय’ एवढं कारण पुरे आहे, आणि ते खरंही आहे. प्रवेशाचे फॉर्म निकालाच्या आधीच सुटतात, त्यामुळे मार्कशीटची वाट बघत बसू नका. सुट्टीत तिला एखाद्या रुग्णालयाच्या आहार विभागात महिनाभर नुसतं बसू द्या, बिनपगारी का होईना. दिवसभर आजारी माणसांचं ऐकून संध्याकाळीही ती उत्साहाने घरी आली, तर फीचे पैसे उभे करायला लागा. कंटाळून आली, तर फूड टेस्टिंग लॅब आहे, अन्नप्रक्रिया आहे, त्याच पदवीवर दुसऱ्या वाटा आहेत. त्याबद्दल तिने स्वतः मला लिहावं.