पर्स पाहून गिऱ्हाईक ओळखू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. उंची पर्सच्या दुकानात तुला नोकरी लागली याचा मला मनापासून आनंद झाला. पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट खटकली. गिऱ्हाईक आत येताच त्याच्या खांद्यावरची पर्स पाहायची आणि तिच्यावरून ऐपत, अभिरुची, इतकेच नव्हे तर स्वभावसुद्धा ताडायचा, असे तुला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. ही सवय तू अंगी लावून घेऊ नयेस, असे मला कळकळीने वाटते.

ठळक चिन्हाची पर्स नवश्रीमंताची आणि बिनचिन्हाची खानदानी माणसाची, हा आडाखा अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेवियर द्रेझ या अभ्यासकांनी 2010 मध्ये दाखवून दिले की लुई व्हिटॉन आणि गुची यांच्या पर्सवरचे चिन्ह जितके ठळक, तितकी किंमत सर्वसाधारणपणे कमी असते. मात्र हा झाला बाजाराचा कल. तुझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंची पर्स भावाने परदेशातून आणलेली असेल, मैत्रिणीकडून एका लग्नापुरती मागून घेतलेली असेल, हप्त्यांवर घेतलेली असेल, नाहीतर हुबेहूब नक्कल असेल. यांतले काय खरे, हे खांद्याकडे पाहून कुणालाही सांगता येणार नाही. शिवाय लुई व्हिटॉनची ती प्रसिद्ध L-V अक्षरांची नक्षी 1896 मध्ये संस्थापकाचे चिरंजीव जॉर्ज व्हिटॉन यांनी आणली, तीही श्रीमंती मिरवायला नव्हे, तर नक्कल करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून.

ज्या पर्सवरून माणसे सर्वांत जास्त जोखली जातात, त्या बर्किनचेच पाहा. पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेन बर्किन या अभिनेत्रीच्या टोपलीतले सामान सांडले, शेजारी एर्मेस या उंची वस्तूंच्या फ्रेंच कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते, आणि लहान मुलांच्या आईला पुरेल अशी पर्सच मिळत नाही ही तिची तक्रार ऐकून 1984 मध्ये तिच्याच नावाची ही पर्स घडवली गेली. बर्किनबाईंनी आपल्या पर्सवर संस्थांची स्टिकरे चिकटवली, नेलकटर लटकवले आणि ती झिजेपर्यंत वापरली. पुढे 1994 मध्ये एड्सविरोधी कार्याला मदत म्हणून ती लिलावात देऊनही टाकली. 2025 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात त्याच झिजलेल्या पर्सला सुमारे 86 लाख युरो मिळाले. नाव ठाऊक नसते, तर आडाख्यांवर विसंबणाऱ्या विक्रेत्याने त्या बाईंना दारातूनच वाटेला लावले असते, असे मला खात्रीने वाटते.

म्हणून माणसाऐवजी पर्स वाचायला शीक. ती विद्या आयुष्यभर पुरेल. एर्मेसची सुरुवात 1837 मध्ये घोड्यांचा साज शिवण्यापासून झाली आणि तिथला टाका आजही तोच आहे. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि त्या प्रत्येक भोकातून समोरासमोरून ओवल्या जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की पुढची शिलाई सुटू लागते. हाताचा टाका किंचित तिरका पडतो, तो पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे शोध. कडेवरचा रंग तडकला आहे का, तेही बोट फिरवून पाहा. धारावीतल्या एखाद्या चामडे-कारागिराकडे रविवारी तासभर बसलीस, तर हे सारे हाताला लवकर कळेल, आणि चांगले काम नावावर अवलंबून नसते हेही दिसेल.

गिऱ्हाईक आले की आधी विचार की रोज बरोबर काय काय न्यावे लागते: डबा, चष्मा, औषधे, कामाची कागदपत्रे. त्या वस्तू त्यांनाच पर्समध्ये ठेवून पाहू दे, भरलेली पर्स खांद्यावर घेऊन दुकानात चार पावले चालू दे आणि मगच किमतीचे बोल.

तुझी,
मावशी